चार नकाशांच्या कोपऱ्यावरची नदी

"नकाशाची कड कापू नको पोरी, कड म्हणजे नकाशाचं वय," असं दत्तूकाकांनी शमिकाला चांगलं बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं.

बजावलं तेव्हा ती भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बसली होती. मांडीवर चौदा महिन्यांची स्वरदा, टेबलावर चार जुन्या नकाशांच्या प्रती. दत्तूकाका हे तिच्या सासऱ्यांचे जुने शेजारी. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढून निवृत्त झालेले. भोपाळात जन्म गेला तरी बोलणं अजून नागपूरचंच.

"हे पाय, खाली बारीक काय लिवलंय? सर्वे कोणत्या साली झाला, दुरुस्ती कधी झाली. हे कापलं की म्हातारा नकाशा तरण्यासारखा मिरवतो. अन् माणूस त्याच्यावर भरवसा ठेवतो, बाप्पा."

"काका, मी एम.एस्सी. जॉग्रफी आहे," शमिका हसून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने स्वरदाच्या हातातून पेनाचं टोपण काढून घेतलं. ते लेकीच्या तोंडापर्यंत जाणार हे तिला आधीच दिसलं होतं. असं तिला सगळंच आधी दिसायचं. उघडी राहिलेली टाकी, कठड्याचा हलणारा गज, दुधावरची माशी. नवरा सत्यजित तिला 'घरातला सीसीटीव्ही' म्हणायचा.

"एम.एस्सी. आहेस म्हणूनच सांगून राहिलो. अडाण्याला मी हे सांगितलंच नसतं."

यावर दोघंही हसली आणि चहा झाला.

आता नकाशे हवे कशाला होते, तेही सांगायला हवं. शमिकाचे सासरे भालचंद्र वैरागडे वीज मंडळातून निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आत सासूबाई, विजयाताई, गेल्या. तेव्हापासून बाबा मिसरोदच्या घरात खिडकीला खुर्ची लावून होशंगाबाद रोडकडे बघत बसायचे. जेवायला बोलावलं तर जेवायचे, नाही बोलावलं तर नाही. दोन वर्षं अशी गेली. मग एकदा त्यांनी फोनवर कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. तो ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून थाळीत वाळू धूत होता. धुता धुता वाळू गेली आणि तळाशी मोहरीएवढा पिवळा ठिपका राहिला.

"शमिका, हे आपल्याकडेही होतं बरं," बाबा म्हणाले. महिन्याभरात त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. "बालाघाटकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं नदीची वाळू धुऊन सोनं काढतात."

आठवड्यात हिरवी प्लास्टिकची थाळी आली, आतून पायऱ्या पाडलेली. बाबांनी गच्चीवर बादलीत वाळू घेतली, तिच्यात जुन्या कडीचा पितळेचा कीस मिसळला आणि सरावाला बसले. कीस पाण्याबरोबर वाहून गेला की स्वरदा टाळ्या वाजवायची आणि बाबा हसायचे. त्यांच्या हसण्याचा आवाज कसा असतो हे शमिका विसरूनच गेली होती. सत्यजित तर जिन्यातच थांबून ऐकत राहिला.

हौस साधी होती. खोदायचं नाही, यंत्र लावायचं नाही. दोन थाळ्या वाळू धुवायची, बघायची, पुन्हा नदीत टाकून यायची. पण कुठल्या नदीत? मध्य प्रदेशात नद्यांना तोटा नाही आणि वाळूला तर नाहीच नाही. इथे शमिकाचं शिक्षण कामाला आलं. कोणत्या दगडात सोनं असू शकतं ते भूगर्भाचा नकाशा सांगतो. त्या दगडावरून येणारी नदी कुठे वळण घेते ते सर्वेचा नकाशा सांगतो. सोनं जड असल्यामुळे ते वळणाच्या आतल्या अंगाला, खडकाच्या आडोशाला बसतं. स्वरदा दुपारी झोपली की शमिका लॅपटॉप उघडायची. लेकीच्या जन्मानंतर सोडलेली नोकरी तिला त्या दोन तासांत परत मिळायची.

नवे नकाशे वरून काढलेले. त्यांत नदी म्हणजे नुसती निळी फीत, म्हणून शमिकाने ते बाजूलाच ठेवले. जुन्या नकाशांची गोष्ट वेगळी. काढणारा माणूस काठाकाठाने चालत गेलेला. त्याने प्रत्येक वाळवंट, पाण्यातून डोकावणारा प्रत्येक खडक, प्रत्येक डोह टिपलेला. वाळू धुणाऱ्याला हेच तर हवं. एका ग्रंथालयाच्या साइटवर शमिकाला तसे नकाशे सापडले. नदीही सापडली, इटारसीच्या पलीकडे, बैतूलच्या वाटेवर. तवली तिचं नाव. पण तवलीची सगळ्यात चांगली सात वळणं नेमकी तिथे होती जिथे चार नकाशांचे चार कोपरे एकत्र येतात. नदी एका कागदावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर उड्या मारत गेलेली. चारही शेजारी ठेवले तर मध्ये समासांचा रुंद पांढरा रस्ता.

तो रस्ता काढल्याशिवाय नदी जुळत नव्हती. म्हणून शमिकाने कडा कापल्या. चार तुकडे जोडले, नदीत निळा रंग भरला, गावांची नावं देवनागरीत लिहिली, सात वळणांवर सात लाल ठिपके दिले. खाली कोपऱ्यात लिहिलं, 'नकाशा: शमिका वैरागडे, २०२५'. इतका देखणा नकाशा तिने नोकरीतही केला नव्हता. रोडवरच्या दुकानातून चार प्रती काढून घेतल्या, पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून लॅमिनेशनही केलं. बाबांनी नकाशा हातात घेतला आणि बराच वेळ नुसता अंगठा फिरवत राहिले.

"विजया असती तर म्हणाली असती, सून आणली ती सर्वेयर निघाली."

संक्रांतीनंतरच्या रविवारी बाबा पहिल्यांदा गेले. बरोबर खालच्या मजल्यावरचा मंदार, गाडी त्याची. संध्याकाळी दोघं उन्हाने लाल होऊन परतले. छोट्या काचेच्या बाटलीत पाणी आणि त्यात डोळे बारीक करून बघावा लागेल असा एक कण. स्वरदाने बाटली तोंडात घालायच्या आत शमिकाने ती फ्रिजवर ठेवली.

दुसऱ्या रविवारी ते चारच वाजता परतले. शमिकाने दार उघडलं तर बाबांच्या पायांत चपला नव्हत्या. कपडे छातीपर्यंत मातकट, कोपर सोललेलं. मागे मंदार, त्याचा चेहरा पांढराफटक.

"काही नाही, जरा अंघोळ झाली," बाबा म्हणाले.

"काका, अंघोळ म्हणू नका हो," मंदार खुर्चीत बसला. "वहिनी, आभाळ कोरडं ठणठणीत. आम्ही नदीच्या मधल्या वाळूवर, तुमच्या तिसऱ्या ठिपक्यावर. लांब कुठेतरी भोंगा झाला—"

"मला वाटलं फॅक्टरी सुटली. मंडीदीपला होतो तसा."

"जंगलात कसली फॅक्टरी, काका? मग वाळूवरचा पाचोळा हलायला लागला. वारा नाही आणि पाचोळा चाललाय. खाली बघतो तर पाणी. आवाज नाही, काही नाही. काठापर्यंत यायला आम्हाला दोन मिनिटं लागली असतील, तेवढ्यात ते छातीला आलं. मी यांची कॉलर धरून ओढत आणलं. काठावर एक बाई शेळ्या घेऊन उभी होती, ती ओरडतेय, 'अंधे हो क्या? गेहूं का पानी छूटा है!'"

"कुठून सुटलं?" शमिकाने विचारलं.

"वर धरण आहे ना. चार किलोमीटरवर. चाळीस वर्षं झाली म्हणे बांधून. थंडीत गव्हासाठी आठवड्यातून दोनदा सोडतात पाणी, नदीतूनच. गावात शेंबड्या पोराला माहीत आहे."

शमिकाने स्वरदाला मंदारच्या मांडीवर दिलं आणि लॅपटॉप उघडला. कापायच्या आधीची फाइल अजून तशीच होती. खाली बारीक अक्षरांत सर्वेचं साल: १९२८–२९. चारही नकाशांत धरणाच्या जागी फक्त दोन टेकड्या आणि मधून वाहणारी तवली. तिने त्या नकाशांवर स्वतःच्या हाताने २०२५ लिहिलं होतं.

तिला रडू आलं नाही. तिने मोजलं. नकाशे चार. एक पाण्यात गेला, एक मंदारच्या गाडीत, एक कपाटावर.

"बाबा, चौथा कुठाय?"

बाबा टॉवेलने पाय पुसत होते. ते पुसतच राहिले.

"बाबा?"

"दिला गं एकाला. मागच्या रविवारी. इटारसीच्या पुढे रोडवर चहाची टपरी आहे, तिथे भेटला. आम्ही दोघं मराठीत बोलत होतो तर तो पलीकडून म्हणतो, 'तुम्ही कुठले?' इतक्या लांब मराठी माणूस! बरोबर त्याची मुलगी होती, सात-आठ वर्षांची. बाटली दाखवली तर ती म्हणते, 'आजोबा, इससे अंगूठी बनेगी?' बापलेक इतके रमले की... दिला."

"नाव काय त्याचं?"

"देशमुख."

"पुढचं? फोन नंबर?"

इथे भालचंद्र वैरागड्यांची मान खाली गेली. त्यांनी त्या माणसाला त्याचं मूळ गाव विचारलं होतं: वरुड. आई कुठली विचारलं होतं: मोर्शीकडची. सासुरवाडी, घरची संत्र्याची बाग, राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून कोणत्या खात्याबरोबर भोपाळला आले, थोरली आत्या कोणत्या घरात दिली, सगळं विचारलं होतं. अर्धा तास विचारत होते. फक्त त्याचं नाव आणि नंबर तेवढा विचारला नव्हता. आपल्या माणसाला कुणी असं कचेरीसारखं नाव-नंबर विचारतं का?

"वरुडचा देशमुख!" सत्यजित संध्याकाळी ड्यूटीवरून आला तो कपाळाला हात लावून बसला. "बाबा, वरुडला दगड मारला तर देशमुखालाच लागतो. आणि भोपाळात किती असतील?"

"भोपाळातच राहतो म्हणाला. कुठे ते..." बाबांनी डोळे मिटले. "मोटारसायकल होती. सीटला निळं कव्हर. मुलगी पुढे टाकीवर बसते. तिच्या चष्म्याला मागून काळं इलॅस्टिक आहे. पुढचे दोन दात नाहीत."

"आणि जाणार कधी म्हणाला?"

"आता शाळा आहे म्हणाला. दहावी-बारावीच्या परीक्षा लागल्या की खालच्या वर्गांना सुट्टी मिळते, तेव्हा पोरीला घेऊन जाईन म्हणाला. दिवसभर वाळूतच बसू म्हणाला."

दिवसभर वाळूतच. शमिकाने स्वरदाला उचलून घेतलं, लेक झोपेला आली होती तरी.

दुसऱ्या दिवशी तिने शहरातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. माझी चूक झाली, नकाशात धरण नाही, वरुडचे देशमुख असा नकाशा घेऊन गेले आहेत, मुलगी बरोबर असते, कुणाला माहीत असल्यास कळवा. तासाभरात सव्वीस उत्तरं आली. त्यांतली एकोणीस एकाच अर्थाची होती: 'सोन्याची नदी कोणती? नकाशा इथे टाका ना.' एकाने लिहिलं, 'ताई, एकट्या-एकट्या खाऊ नका.' एकाने चक्क तीन हसरे चेहरे आणि फावड्याचं चित्र. शमिकाने नदीचं नाव लिहिलंच नव्हतं, आताही लिहिलं नाही. फोन पालथा ठेवला, आणि पाच मिनिटांनी सुलटा केला.

रथसप्तमी अजून आठ दिवसांवर होती, म्हणजे घरोघरी हळदीकुंकू चालू होतं. एरवी शमिका मुलीची झोप सांगून टाळायची. या खेपेला तिने एकही बोलावणं सोडलं नाही. दिवसाला तीन घरं. तिळगूळ घ्यायची, कुंकू लावून घ्यायची आणि विचारायची. बाबा स्कूटरवरून तिला सोडायचे आणि फाटकाशी उभे राहायचे.

"वरुडचे देशमुख? सोनं चाळतो तो?" बाग सेवनियात एक बाई म्हणाली. "अगंबाई, असा नवरा असता तर मी त्याला नदीवर जाऊ दिला असता का? घरीच चाळायला बसवला असता!"

सगळ्या हसल्या. शमिकाही हसली, कारण हसल्याशिवाय त्या पुढचं ऐकणार नव्हत्या. मग तिने मुलीच्या चष्म्याचं सांगितलं आणि त्या बाईने हातातलं ताट खाली ठेवलं.

चार इमली या अधिकाऱ्यांच्या वसाहतीत कमलिनीताईंकडे मोठा जमाव होता. सरकारी बंगला, पन्नासेक बायका, म्हणजे पन्नास घरं. शमिकाने तिथे उभं राहूनच सांगितलं. कमलिनीताईंनी तिला आत नेऊन बसवलं.

"तू लहान मुलीची आई आहेस, म्हणून सांगते. असं सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घेऊन सांगू नकोस. उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक म्हणतील, हिनेच नकाशा दिला."

"दिलाच आहे, ताई."

"अगं पण—"

"त्यावर नाव आहे माझं. खाली. निळ्या अक्षरांत."

कमलिनीताईंनी आपली डायरी काढली आणि त्यांना ठाऊक असलेल्या सहा देशमुखांना एकेक करून फोन लावले. दोन अचलपूरचे निघाले, एक सत्तर वर्षांचे, एकाला मुलगेच, एक इंदूरला गेलेला. सहावा वरुडचाच होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडे कार आहे."

शनिवारी सत्यजितने सुट्टी काढली. स्वरदाला शेजाऱ्यांकडे ठेवून तो, शमिका आणि बाबा मंदारच्या गाडीने तवलीला गेले. टपरीवाल्याला तो माणूस आठवत होता. "हां, चश्मेवाली बिटिया. उसके बाद नहीं दिखे." शमिकाने टपरीच्या खांबाला हाताने लिहिलेला कागद चिकटवला, मराठीत आणि हिंदीत. मग ते गावात गेले. तिथला कोटवार, म्हणजे गावाची राखण करणारा माणूस, उन्हात बसून दोरी वळत होता. त्याने नकाशाची घरात राहिलेली प्रत उलटसुलट करून बघितली.

"बहुत सुंदर बनाया है," तो म्हणाला. "पर इसमें तो हमारा गाँव भी पुरानी जगह पर है. गाँव तो बाँध के टाइम उठ के इधर आ गया."

"भैया, एक आदमी आएगा, छोटी बच्ची के साथ. उसे नदी में उतरने मत देना."

"आएगा तो रोकूँगा. पर मैडम, सात जगह लाल निशान लगाए हैं आपने. नदी में उतरने के रास्ते बीस हैं. मैं एक हूँ."

ते बोलत असतानाच भोंगा झाला. बाबा झटकन उठले. चौघंही काठावर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या ठिपक्याची वाळू समोर पिवळीधमक दिसत होती, मऊ, एखाद्या मुलीने आईला विचारून घर बांधायला बसावं अशी. पाणी आलं ते कुणाला दिसलंच नाही. आधी वाळू होती, मग अर्धी होती, मग नव्हती. शमिकाने भोंग्यापासून घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं.

"सात वर्षांच्या मुलीला सहा मिनिटं पुरतात का रे?" तिने सत्यजितला विचारलं.

त्याने तिचा हात धरला, मग बाबांचा.

घरी आल्यावर बाबांनी हिरवी थाळी माळ्यावर टाकली. शमिकाला वाटलं, आता ते पुन्हा खिडकीशी खुर्ची लावतील. त्यांनी खुर्ची उचलली खरी, पण खाली नेली, सोसायटीच्या फाटकाबाहेर, थेट रोडच्या कडेला. रोज सकाळी शाळेच्या वेळेला ते तिथे बसतात. मोटारसायकल दिसली की उभे राहतात. टाकीवर मुलगी असली तर हात करतात. परवा एक जण खरंच थांबला. मुलीला चष्मा होता, पण इलॅस्टिक नव्हतं, आणि तो रायसेनचा साहू निघाला. तरी बाबांनी त्याला सगळं सांगितलं.

शमिका भोपाळातल्या शाळांना फोन करते आहे. चष्म्याच्या वर्णनावरून मुलगी शोधून द्यायला शाळा तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे हे तिलाही कळतं. तिच्या स्वरदाची माहिती कुणी अशी दिलेली तिला चालली नसती. वरुडला दूरच्या नात्यातली पल्लवी आहे, ती तिथल्या देशमुखांच्या घरी विचारत फिरते आहे. सव्वीस घरं झाली. तिघांचे मुलगे भोपाळात आहेत, दोघांशी बोलणं झालं, तिसऱ्याचा नंबर बदललेला आहे.

खालच्या वर्गांच्या सुट्ट्या सोमवारी लागतायत. आज शुक्रवार.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाही शमिकाचं एकच सांगणं आहे. तुमच्या ओळखीत, नात्यात, ऑफिसात, मुलीच्या वर्गात असा कुणी वरुडकडचा देशमुख आहे का बघा. चाळिशीच्या आतला, भोपाळात राहणारा, निळ्या कव्हरच्या मोटारसायकलवर मुलीला पुढे बसवणारा. असला तर उद्याची वाट बघू नका. आत्ता त्याला फोन लावा. तवलीला जाऊ नको म्हणा. आणि तो 'हो हो' म्हणाला तरी फोन ठेवू नका. मुलगी कुठे आहे विचारा, तिला फोनवर बोलवा, आणि तिचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐका.